धडधडणारी छाती आणि बारीक नाडी: मूत्रपिंडाच्या अरुंद धमनीमुळे वाढलेल्या रक्तदाबाचे एक प्रकरण

देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका मच्छीमार वाडीतील २८ वर्षांची विवाहिता माझ्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्याबरोबर तिची सासू होती आणि कापडी पिशवीत चार ठिकाणच्या चिठ्ठ्या होत्या. छातीत धडधडते, डोके दुखते आणि थकवा जात नाही, या तिच्या तक्रारी सात महिन्यांच्या होत्या. तिच्या संमतीने हे प्रकरण लिहीत असून तिची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. लिहिण्याचे कारण असे की, ज्या खुणांवरून शेवटी निदानाची दिशा मिळाली त्या पहिल्या दिवसापासून तिच्या अंगावर होत्या, त्या शोधायला कोणतेही महागडे यंत्र लागत नव्हते, आणि तरीही सात महिने त्या कोणाच्या हाती लागल्या नाहीत. पहिल्या भेटीत माझ्याही नाही.

चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून वाचल्या. पहिल्या चिठ्ठीवर रक्तदाब ११८/७६ होता. दुसरा कागद गावातल्या आरोग्य शिबिराचा होता आणि त्यावर १७२/११० असा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. त्यानंतर आठ दिवसांनी तिसऱ्या ठिकाणी पुन्हा १२०/८० भरला, तेव्हा शिबिरातले यंत्र बिघडलेले असावे किंवा गर्दीत बाई घाबरलेली असावी, असा निष्कर्ष काढून तो विषय तिथेच संपवण्यात आला. ईसीजीमध्ये हृदयाचे ठोके नियमित पण मिनिटाला ११८ होते, थायरॉइडची तपासणी निर्दोष होती, हिमोग्लोबिन १०.२ होते. त्यावर लोहाच्या गोळ्या, झोपेची गोळी आणि धडधड कमी व्हावी म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिले होते. चौथ्या चिठ्ठीवर निदानाच्या जागी एकच शब्द होता: टेन्शन.

सासूबाईंचेही मत तेच होते. ‘‘डॉक्टरांनू, आजार कसलो नाय, तिना नुसतो घोर घेतल्यान हा. घोव बोटीवर गेलो काय हिची झोप उडता,’’ असे त्या म्हणाल्या. त्यांनी सुनेसाठी केलेले काही कमी नव्हते. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून झाले होते, उष्णता असेल म्हणून रोज शहाळे आणि रात्री भिजवलेला सब्जा चालू होता. रुग्ण स्वतः फार बोलत नव्हती. विचारल्यावर एवढेच म्हणाली, ‘‘आडवा पडला काय छातीत होडयेचा इंजिन सुरू झाल्यासारखा वाटता.’’

त्या दिवशी मी रक्तदाब मोजला तो १२०/७८ भरला. माझ्या टेबलापाशी रुग्णाची खुर्ची अशी मांडलेली होती की बसलेल्या माणसाचा डावा हात आपोआप टेबलावर येई आणि मीही गेली कित्येक वर्षे त्याच हाताला पट्टा बांधत आलो होतो. नाडीचा वेग बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर पाहिला, १०४ होता, आणि मनगटाला हात न लावता तो लिहून टाकला. हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, तोवर चालू औषधे घेत राहा, असे सांगून मी त्यांना परत पाठवले.

तीन आठवड्यांनी ती परत आली ती अधिक त्रास घेऊन. प्रोप्रॅनोलॉलचे पाकीट दहा दिवसांपूर्वी संपले होते, नवरा समुद्रावर होता, बाजारात जाऊन गोळ्या आणणारे कोणी नव्हते, शिवाय त्या गोळ्यांनी अंग गळाल्यासारखे होते म्हणून तिनेही आग्रह धरला नव्हता. प्रोप्रॅनोलॉलसारखे, हृदयाचा वेग कमी करणारे बीटा ब्लॉकर गटातले औषध असे एकाएकी बंद पडले की नाडी उसळी घेते, हे माहीत असल्याने वाढलेल्या धडधडीचे मला आश्चर्य वाटले नाही. मात्र या वेळी ऑक्सिमीटर तिच्या डाव्या बोटावर नीट पकडत नव्हता. आकडा लुकलुकायचा, जायचा, पुन्हा यायचा. बोटे गार होती. सवयीने यंत्राची बॅटरी तपासली, ती ठीक होती, म्हणून शेवटी तिच्या मनगटावर तीन बोटे ठेवली, आणि नाडी जवळजवळ लागलीच नाही. दाबाचा अंदाज घेत घेत, बोटे हलवत राहिल्यावर दोऱ्यासारखी एक बारीक थरथर हाताला लागली.

स्टेथोस्कोप छातीवर ठेवला तर हृदय मिनिटाला १२४ वेळा, जोरकसपणे आणि स्पष्टपणे ठोके देत होते, छातीच्या डाव्या बाजूला त्याची धडक तळहाताला जाणवत होती. इतक्या जोराने चालणाऱ्या हृदयाची नाडी मनगटावर इतकी क्षीण का, हा प्रश्न त्या क्षणी पडला आणि पुढचे सगळे त्यातूनच उलगडले. उजवे मनगट धरले तर तिथे नाडी टणक आणि उसळती होती. उजव्या हाताचा रक्तदाब २०४/१२२ निघाला. डाव्या हाताचा ११६/८०. दोन्ही हातांत पट्टे बदलून, पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजले, आकडे थोडेफार इकडे तिकडे झाले, पण फरक तसाच राहिला.

दोन हातांतील वरच्या आकड्यात दहापर्यंतचा फरक निरोगी माणसातही सापडतो. पंधरा-वीसच्या पुढे गेला की डॉक्टरने थांबून विचार केला पाहिजे. इथे तो ८८ होता. शिबिरातले यंत्र बिघडलेले नव्हते. तिथल्या परिचारिकेने पट्टा उजव्या हाताला बांधला होता, एवढेच. कागदांवरचे सर्व आकडे खरे होते. मात्र डाव्या हाताच्या धमनीत वाटेतच अडथळा असल्याने त्या हाताला मिळणारा दाब हा शरीराचा दाब नव्हता. मेंदू, हृदय, डोळे आणि मूत्रपिंडे यांना सोसावा लागणारा दाब उजवा हात सांगत होता. ज्या हातात दाब जास्त तोच खरा धरायचा, हा नियम वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षांतच शिकवला जातो आणि धावपळीच्या दवाखान्यात तो सर्वांत आधी विसरला जातो.

मग पुन्हा सुरुवातीपासून विचारणा केली. विहिरीवरचे पाणी कोण भरते, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘मीच. पण डावो हात भरान येता. दोन कळशे झाले काय खाली सोडूचो लागता.’’ हात थोडा वेळ सोडला की बरे वाटते, पुन्हा दोर ओढायला लागले की परत तेच. चालताना पोटऱ्या भरून येणे जसे पायाच्या धमनीच्या अडथळ्याचे लक्षण, तसे हे हाताचे. वर्षभर तिला हे होत होते, पण धडधडीपुढे हात भरून येण्याचे काय सांगायचे, म्हणून तिने ते कोणाला सांगितले नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या वेळी सातव्या महिन्यानंतर तिचा रक्तदाब वाढला होता आणि मूल कमी वजनाचे जन्मले होते, हेही तेव्हाच कळले. मधल्या काळात बारीक ताप, सांधे दुखणे आणि चार किलो वजन उतरणे असे होऊन गेले होते.

दोन्ही जांघांतल्या नाड्या चांगल्या लागत होत्या, त्यामुळे छातीतील महाधमनीच जन्मतः अरुंद असण्याची शक्यता मागे पडली. डाव्या गळपट्टीच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवल्यावर रक्त घासून जाण्याचा सूं-सूं आवाज आला. तिला आडवे झोपवले, पंखा बंद करायला सांगितला, बाजाराकडची खिडकी लावून घेतली आणि बेंबीच्या वर, किंचित डावीकडे, श्वास रोखायला सांगून ऐकले. तिथेही तोच आवाज होता, हृदयाच्या ठोक्याबरोबर सुरू होऊन ठोका संपल्यावरही थोडा रेंगाळणारा. असा रेंगाळणारा आवाज पोटावर ऐकू आला तर मूत्रपिंडाच्या धमनीत लक्षणीय अडथळा असल्याचा संशय बळावतो. तो नसला म्हणून अडथळा नाही असे मात्र म्हणता येत नाही. पुष्कळ रुग्णांत तो ऐकू येत नाही, विशेषतः पोट जाड असेल तर.

आता आत काय घडत होते ते. मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाली की त्या मूत्रपिंडापर्यंत पोचणारा दाब उतरतो. मूत्रपिंडाला साऱ्या शरीराचा रक्तदाब कळत नाही, त्याला फक्त आपल्या दारात येणारा दाब कळतो. तो कमी झाला की शरीरातच दाब उतरला आहे अशा समजुतीने ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन एक तयार होते, फुफ्फुसांतून जाताना त्याचे अँजिओटेन्सिन दोन होते, आणि हे दुसरे द्रव्य सर्व शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळते, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक सोडायला लावून मीठ व पाणी शरीरात धरून ठेवते, आणि लघवीवाटे पोटॅशियम बाहेर घालवते. रक्तदाब चढत जातो, पण अडथळ्यापलीकडच्या मूत्रपिंडाला तो पुरेसा पोचत नाही, म्हणून ते रेनिन सोडणे थांबवत नाही. १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत टिगेरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कातून रेनिनचा शोध लावला, परंतु त्याचे महत्त्व पटायला आणखी ३६ वर्षे जावी लागली. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चाप लावून ती अरुंद केली आणि कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला. माझ्या रुग्णाच्या शरीरात हा चाप आजाराने लावलेला होता.

धडधडीचा भाग मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिला टेन्शनचा शिक्का बसला तो त्यामुळेच. सामान्यतः रक्तदाब वाढला की मानेतील आणि महाधमनीच्या कमानीतील दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंकडून मेंदूला निरोप जातो आणि हृदयाचा वेग मंदावतो. म्हणून दाब २०० च्या पुढे आणि नाडीही १२० च्या पुढे, ही जोडी स्वस्थ बसलेल्या माणसात दिसली तर ती स्वतःच एक धोक्याची खूण असते. अँजिओटेन्सिन दोन हे हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जासंस्थेला चेतवते आणि वेग मंदावणारी ही यंत्रणा बोथट करते. त्याखेरीज या रुग्णात रक्तक्षय होता, अंगात दाह होता, पोटॅशियम उतरलेले होते आणि प्रोप्रॅनोलॉल एकदम सुटले होते. यांतल्या प्रत्येकाने त्या १२४ मध्ये किती भर घातली हे वेगळे काढता येणार नाही, आणि तसे करण्याची गरजही नव्हती. नवरा समुद्रावर असताना तिला काळजी वाटत नसेल असे नाही. परंतु काळजीने डाव्या हाताची नाडी जात नाही.

आणखी एक आजार याच जोडीने येतो, तो म्हणजे अधिवृक्क ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ. तिच्यातही दाब आणि नाडी दोन्ही चढतात, डोके दुखते, घाम येतो. ती असताना नुसते प्रोप्रॅनोलॉल दिले तर दाब घातक रीतीने उसळू शकतो. म्हणून ही गाठ ओळखणारी मेटानेफ्रिनची तपासणी होईपर्यंत बीटा ब्लॉकर पुन्हा सुरू करायचे नाही, असे ठरवले. नमुना मुंबईला गेला, अहवाल सहाव्या दिवशी आला, आणि तो निर्दोष होता.

इतर तपासण्यांत अंगातला दाह दाखवणारे ईएसआर पहिल्या तासाला ६८ आणि सीआरपी ३४, पोटॅशियम ३.१ आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.९ असे निघाले. लघवीत प्रथिने किंचित होती. रोज शहाळे पिऊनही पोटॅशियम ३.५ च्या खाली असावे, हे अल्डोस्टेरॉन किती जोरात होते ते सांगणारे होते. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर जाड झालेली होती. एवढी जाडी काही दिवसांत येत नाही. तिचा दाब किमान कित्येक महिन्यांपासून चढलेला होता. नेत्रतज्ज्ञांना डोळ्यांच्या पडद्यावर आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि रक्तस्रावाचे दोन लहान ठिपके दिसले. पोटाच्या डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत, उजवे मूत्रपिंड १०.६ सेंटिमीटर आणि डावे ८.७ सेंटिमीटर होते. दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला की लहान मूत्रपिंडाच्या धमनीकडे पाहावे लागते. डाव्या धमनीत रक्ताचा वेग सेकंदाला ३४० सेंटिमीटर होता, महाधमनीतल्या वेगाच्या सव्वाचार पट, आणि साडेतीन पटींपुढे गेले की ६० टक्क्यांहून अधिक अडथळा समजतात. डॉप्लर ही करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असलेली तपासणी आहे. आमच्या सोनोलॉजिस्टने तिला रात्रीपासून उपाशी ठेवून, कुशीवर वळवून, पाऊण तास दिला, हे इथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

मूत्रपिंडाची धमनी अरुंद होण्याची तीन मुख्य कारणे आहेत आणि वयावरून बराच अंदाज येतो. साठीच्या आसपासचा, तंबाखू किंवा विडीचा, मधुमेहाचा रुग्ण असेल तर धमनीच्या मुखाशी चरबीचा थर साचलेला असतो. तरुण स्त्रीमध्ये फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया हा धमनीच्या भिंतीचा विकार असू शकतो, त्यात धमनी माळेतल्या मण्यांसारखी दिसते. परंतु भारतात तरुण स्त्रीमध्ये सर्वांत आधी मनात यायला हवा तो टाकायासूचा आजार. १९०८ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र जाळी वर्णन केली, त्यावरून हे नाव पडले. यात महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतींना दाह होतो, भिंती जाड होतात आणि पोकळी आकसते. जपानमध्ये मान आणि हातांकडे जाणाऱ्या फांद्या अधिक बाधित होतात, तर आपल्याकडे पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या. त्यामुळे आपल्याकडचा रुग्ण पुष्कळदा उच्च रक्तदाब घेऊनच डॉक्टरसमोर येतो. नाडी न लागणे हे त्याचे इतके ठळक लक्षण आहे की त्याला ‘नाडीहीन आजार’ असेही म्हणत आले आहेत.

गर्भ नसल्याची खात्री करून सीटी अँजिओग्राफीसाठी तिला कोल्हापूरला पाठवले. फोंडा घाट चढून पहाटे निघालेली मंडळी रात्री अकराला परतली. अहवालात डाव्या हाताच्या मुख्य धमनीत लांबवर ८० टक्के अडथळा, पोटातील महाधमनीची भिंत जाड, डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीच्या मुखाशी सुमारे ९० टक्के आणि उजव्या धमनीत ३० ते ४० टक्के अडथळा होता. निदान निश्चित झाले.

तिच्यावर पहिल्या रात्रीपासूनच उपचार सुरू केले होते. छातीत दुखणे, दम लागणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही नव्हते, त्यामुळे दाब तासाभरात खाली आणण्याची घाई करायची नव्हती. पहिल्या २४ तासांत चौथ्या हिश्शाहून अधिक उतरवायचा नाही, असे ठरवून तिला दाखल करून घेतले. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते, तिच्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे की ती थांबली पाहिजे. त्या कॅप्सूलने दाब अचानक कोसळतो, मेंदूचा आणि हृदयाचा पुरवठा तुटू शकतो आणि नाडी आणखी वाढते. अशा रुग्णात अरुंद धमनीपलीकडच्या मूत्रपिंडावरही तो घाला ठरेल. आम्ही रक्तदाब सावकाश उतरवणारे अम्लोडिपिन आणि अगदी थोडे प्राझोसिन दिले, पोटॅशियमचे औषध दिले, लघवी वाढवणारी गोळी मुद्दाम टाळली, कारण तिने पोटॅशियम आणखी उतरले असते. मेटानेफ्रिनचा अहवाल आल्यावर मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर सुरू केले आणि नाडी चार दिवसांत नव्वदीत आली.

रेनिनची साखळी तोडणारी औषधे, म्हणजे एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी, या आजारावर नेमकी बसतात आणि इथेच सर्वांत जास्त सावधगिरी लागते. अरुंद धमनीपलीकडचे मूत्रपिंड गाळण्याचे काम जेमतेम चालू ठेवते ते अँजिओटेन्सिनने बाहेर जाणारी सूक्ष्म वाहिनी आवळून धरल्यामुळे. औषधाने ती सैल पडली की गाळणी थांबते. एकच बाजू अरुंद असेल तर दुसरे मूत्रपिंड सांभाळून घेते. दोन्ही बाजू लक्षणीय अरुंद असतील, किंवा मुळात एकच मूत्रपिंड असेल, तर क्रिएटिनिन झपाट्याने चढते. अशाच रुग्णांना कधी कधी मध्यरात्री एकाएकी फुफ्फुसांत पाणी भरून दम लागतो. हिच्या उजव्या धमनीतला अडथळा सौम्य असल्याची सीटीवरून खात्री झाल्यावरच टेल्मिसार्टन २० मिलिग्रॅमने सुरू केले आणि आठव्या दिवशी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासले. क्रिएटिनिन ०.९ वरून १.१ झाले होते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेता येते, त्यामुळे औषध चालू ठेवले. ही औषधे गर्भाला अपायकारक आहेत, म्हणून गर्भनिरोधनाविषयी तिच्याशी, आणि नवरा किनाऱ्यावर आल्यावर त्याच्याशीही, स्पष्ट बोलून घेतले. ज्या कुटुंबात हा विषय सासूसमोर निघत नाही तिथे ते बोलणे वेगळ्या खोलीत करावे लागते.

धमनीचा दाह शमवण्यासाठी संधिवाततज्ज्ञांच्या सल्ल्याने, क्षयरोग नसल्याची तपासणी करून, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम रोज आणि जोडीला प्रतिकारशक्तीला आवर घालणारे अझाथायोप्रिन दिले. मेथोट्रेक्सेट हा पर्याय होता, परंतु तिला पुढे दुसरे मूल हवे होते आणि ते औषध गर्भधारणेच्या वाटेवर चालत नाही. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला तेव्हा वाडीत बायका म्हणू लागल्या की हिला सूज चढली, औषध बंद कर. अशी गोळी महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम सोडली तर जिवावर बेतू शकते, हे मी पहिल्याच दिवशी सासूबाईंना समजावून ठेवले होते. त्यांनी गोळ्यांचा डबा स्वतःच्या फडताळात ठेवला आणि सकाळी चहाबरोबर गोळी स्वतःच्या हाताने देऊ लागल्या. ज्या बाईने घोर घेतला म्हणून सुनेला बोल लावला होता, तिच्यामुळे औषधाचा एक दिवसही चुकला नाही.

मिठाचे बोलणे किनाऱ्यावर सोपे नसते. सकाळच्या पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर खारातला आंबा, आणि पावसाळ्यासाठी आगोटीची बेगमी म्हणून भरून ठेवलेले खारे मासे, यांत दिवसाचे मीठ न्याहारीलाच ओलांडले जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. सुके मासे बंद करा, असे सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून हंगामात ताजे मासे खा, सुके खायचेच तर तासभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या आणि आमटीत मीठ घालू नका, असे सांगितले. शहाळ्याचे मात्र उलटे करावे लागले. पोटॅशियम उतरलेले असताना ते चालण्यासारखे होते. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर पोटॅशियम चढण्याचा धोका येतो, म्हणून रोजचे शहाळे थांबवून रक्त तपासल्यावरच अधूनमधून घेण्याची मुभा दिली. घरी उजव्या हाताला लावायचे यंत्र घेतले आणि बारावी झालेली नणंद शाळेच्या वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहू लागली. वहीच्या पुठ्ठ्यावर मी लाल शाईने ‘उजवा हात’ असे लिहून दिले.

तीन महिन्यांनी ईएसआर १८ वर आला. दाब मात्र तीन औषधांवरही १५६/९८ च्या खाली जाईना, आणि डावे मूत्रपिंड अजून वाचवण्याजोगे होते. अरुंद धमनी दिसली की फुग्याने फुगवून जाळी बसवावी, हा विचार सरसकट बरोबर नाही. चरबीने अरुंद झालेल्या धमन्यांबाबत २००९ मधील ॲस्ट्रल आणि २०१४ मधील कोरल या दोन मोठ्या अभ्यासांत जाळी बसवून नुसत्या औषधांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही, आणि माझ्या वयस्क रुग्णांना मी बहुधा औषधांवरच ठेवतो. तरुण वयातला दाहजन्य अडथळा हा वेगळा प्रश्न आहे. तिथे दाह शांत असताना फुगवले तर धमनी उघडी राहण्याची शक्यता चांगली असते, दाह चालू असताना फुगवले तर ती पुन्हा आकसते. म्हणून आम्ही ईएसआर आणि सीआरपी आणखी दोन महिने स्थिर राहू दिले.

सरकारी योजनेची मंजुरी आल्यावर नवराबायको कणकवलीहून रेल्वेने मुंबईला गेली. तेथील तज्ज्ञांनी जांघेतून तार नेऊन डाव्या मूत्रपिंडाची धमनी फुग्याने उघडली, जाळी बसवली नाही. टाकायासूत धमनीची भिंत कडक असते, फुगा जास्त दाबाने आणि पुन्हा पुन्हा फुगवावा लागतो, आणि तो फुगत असताना पाठीत कळ येते. त्या वेदनेचे वर्णन ती आजही करते. अडथळा सुमारे ९० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताचा दाब १३८/८६ होता. हाताच्या धमनीला कोणीही हात लावला नाही, कारण तिथे आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्ताला वाट काढून दिली होती आणि कळशीचे काम नवऱ्याने पंप बसवून संपवले होते.

आज त्याला अकरा महिने झाले. अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन एवढीच रक्तदाबाची औषधे उरली आहेत, उजव्या हाताचा दाब १२८ ते १३४ च्या दरम्यान राहतो, नाडी ७८ असते. प्रेडनिसोलोन पाच मिलिग्रॅमवर उतरले आहे, अझाथायोप्रिन चालू आहे. डाव्या मूत्रपिंडाची लांबी आणखी घटलेली नाही. धमनी पुन्हा आकसण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत अधिक असते, त्यामुळे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉप्लर होतो आणि वहीतला आकडा सलग आठवडाभर १५० च्या वर राहिला तर वाट न पाहता यायचे, असे ठरले आहे. माझ्या टेबलापाशी आता स्टूल ठेवले आहे. रुग्ण कुठूनही बसला तरी दोन्ही हात माझ्यासमोर येतात, आणि नव्या रुग्णाच्या कागदावर दोन रकाने असतात.

मागच्या भेटीत ती एकटी आली होती. दुसऱ्या बाळाचे विचारायचे होते. आजार निदान सहा महिने शांत राहिला पाहिजे, टेल्मिसार्टन थांबवून त्याऐवजी गरोदरपणात चालणारे औषध आधी बसवून घ्यावे लागेल, प्रसूती मोठ्या रुग्णालयात करावी लागेल आणि तिथल्या प्रत्येकाला कोणत्या हाताला पट्टा बांधायचा हे तिने स्वतः सांगावे लागेल, असे तिला सांगितले. तिने नणंदेच्या वहीत ते चारही मुद्दे लिहून घेतले. पुढचा डॉप्लर गणपतीनंतर ठरला आहे.